संक्षेप आणि संकोच

'अ‍ॅब्रिज' या इंग्रजी क्रियापदाला मराठी प्रतिशब्द कोणता, असे एखाद्या शाळामास्तरांना विचारले तर ते क्षणाचाही विलंब न लावता 'संक्षेप करणे' असे उत्तर देतील. तोच प्रश्न एखाद्या वकिलाला केला आणि भारतीय संविधानाची मराठी प्रत त्याच्या हाताशी असली, तर तो तेराव्या अनुच्छेदावर बोट ठेवून 'संकोच करणे' असे सांगेल. दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. परंतु संक्षेप आणि संकोच हे दोन शब्द मराठी माणसाच्या मनात इतक्या दूरदूरच्या खोल्यांत राहतात की ते एकाच इंग्रजी शब्दाच्या पोटी जन्मले, हे त्याला सांगूनही खरे वाटू नये. ग्रंथाचा होतो तो संक्षेप आणि हक्काचा होतो तो संकोच. इंग्रजाला या दोहोंसाठी एकच क्रियापद कसे पुरले आणि आपल्याला दोन का लागले, याचा विचार करू लागले म्हणजे तो केवळ कोशकारांपुरता प्रश्न राहत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. या शब्दात 'ब्रिज' ही अक्षरे ऐकू येतात म्हणून त्याचा पुलाशी संबंध असावा असे पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते. शहाडच्या उड्डाणपुलावरून रोज जाणाऱ्या मुलाला तर हे अगदी स्वाभाविक वाटेल : पूल वाट जवळची करतो, तेव्हा वाट तोकडी करणारे हे क्रियापद त्यावरूनच निघाले असणार! व्युत्पत्ती दिसायला मोठी गोजिरी आहे, पण खोटी आहे. पुलाचा 'ब्रिज' हा जुन्या इंग्रजीतला अस्सल घरचा शब्द. 'अ‍ॅब्रिज' हा मात्र लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. 'ब्रेव्हिस' म्हणजे आखूड, त्यावरून 'आखूड करणे'. 'अ‍ॅब्रिव्हिएट' हा त्याचाच सख्खा भाऊ, तो पंडितांच्या हातून सरळ लॅटिनमधून आला. आणि आपल्या कोर्टाच्या आवारात रोज ऐकू येणारे वकिलाचे 'ब्रीफ' हेही याच गोतावळ्यातले. या घराण्यातल्या शब्दांनी पुढे कामे वाटून घेतली. 'अ‍ॅब्रिव्हिएट' शब्दांपुरता आणि नावांपुरता उरला, 'अ‍ॅब्रिज' ग्रंथांकडे आणि हक्कांकडे गेला.

आखूड करणारी आणखीही क्रियापदे इंग्रजीत आहेत, आणि त्यांच्यातला भेद शिकवताना मास्तर मंडळींची त्रेधा उडते. वस्तुतः तो भेद कल्याण-कसारा मार्गावरच्या प्रवाशाला समजावून देणे फार सोपे आहे. मुंबईहून सुटलेली जलद लोकल ठाणे, डोंबिवली अशी मोजकी स्थानके घेत कल्याणला येते. वाटेतली कळवा, ठाकुर्ली यांसारखी स्थानके ती बहुधा गाळते. पण आरंभ तोच असतो, शेवट तोच असतो आणि स्थानकांचा क्रमही तोच असतो. हे 'अ‍ॅब्रिज' होय. तीच गाडी पुढे कसाऱ्यापर्यंत जावयाची असताना काही बिघाडामुळे कल्याणलाच संपवली आणि शहाडचा उतारू एका स्थानकासाठी फलाटावर अडकला, तर ते 'कर्टेल' झाले. हा शब्द मूळचा शेपूट तोडलेल्या घोड्यावरून आला; शेवटाकडून छाटणे हा त्याचा स्वभाव आजही त्याने सोडलेला नाही. आणि डबेच काढून टाकून गाडी ठेंगणी केली, तर ते 'ट्रंकेट' : फांद्या तोडून नुसता बुंधा ठेवावा तसे. शहाडच्या उतारूला पहिली गाडी उपकारक, दुसरी अपकारक. आणि तरीही फलकावर दोहोंना 'छोटी' म्हणता येईल. म्हणून नुसते 'छोटे करणे' म्हणून भागत नाही. काय गाळले, कोठून गाळले आणि कोणाच्या सोयीसाठी गाळले, हे विचारावे लागते.

मराठीलाही या बाबतीत दारिद्र्य नाही. पंडिती शब्द बाजूला ठेवून घरातली आणि शेतातली क्रियापदे पाहिली तर छाटणे, कातरणे, खुडणे, आखडणे, आवरणे, आटोपणे अशी लांबलचक रांग उभी राहते. त्यांतली तीन प्रस्तुत विवेचनाला फार उपयोगी आहेत. पहिले आटवणे. बासुंदीसाठी दूध आटवतात, गुळासाठी उसाचा रस आटवतात. आकारमान घटते, पण जाते ते पाणी. गोडी जात नाही, उलट दाटते. दुसरे कातरणे. येथे कापडाचा तुकडा कायमचा वेगळा होतो आणि पुन्हा जोडला तरी शिवण दिसतेच. तिसरे मुडपणे. वाढत्या मुलीचा परकर शिवताना जाणती आई खालून चार बोटे कापड आत मुडपून ठेवते. परकर आज आखूड दिसतो, पण कापड शाबूत असते. मुलगी वाढली की टाके उसवले, काम झाले. इंग्रजी 'अ‍ॅब्रिज' या एका शब्दात ही तिन्ही क्रियापदे लपलेली आहेत, आणि पुढे जो वाद उत्पन्न होतो तो त्यांच्यातली निवड न केल्यामुळेच.

आधी ग्रंथांकडे पाहू. आपल्या परंपरेचा ओढा संक्षेपाहून विस्ताराकडे अधिक, असे सामान्यतः समजले जाते, आणि त्यात तथ्यही आहे. गीतेच्या सातशे श्लोकांवर ज्ञानेश्वरांनी सुमारे नऊ हजार ओव्या उभ्या केल्या. भागवतातल्या चार श्लोकांवर एकनाथांनी एक स्वतंत्र ग्रंथ रचला. परंतु शास्त्रकारांची रीत याच्या नेमकी उलट होती. अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असे जे थट्टेने म्हणतात ते उगाच नव्हे. भट्टोजी दीक्षितांच्या 'सिद्धांतकौमुदी'चा संक्षेप त्यांचेच शिष्य वरदराज यांनी केला आणि आजही संस्कृत व्याकरणाच्या दारातून आत जाणारा विद्यार्थी प्रथम त्या 'लघु' कौमुदीचीच पायरी चढतो. येथे संक्षेप हा मूळ ग्रंथाकडे नेणारा जिना आहे. तो मूळ ग्रंथाची जागा घेऊ पाहत नाही.

काव्याच्या प्रांतात मराठीतला सर्वांत धाडसी संक्षेपक म्हणजे मोरोपंत. लाख श्लोकांचे म्हणून प्रसिद्ध असलेले महाभारत त्यांनी सतरा हजारांच्या आसपास आर्यांत आणले. अठरापैकी एकही पर्व वगळले नाही. म्हणजे गाडी पहिल्या स्थानकावरून सुटून शेवटच्या स्थानकापर्यंत गेली. हा अस्सल संक्षेप. पण त्याची किंमतही पंतांना मोजावी लागली. आर्येच्या दोन ओळींत एक प्रसंग बसवावयाचा म्हणजे समास दाटणार, क्रियापदे आत दडपली जाणार, आणि वाचकाला जागोजाग थांबून गाठ सोडवावी लागणार. पंतांची क्लिष्टता हा त्यांच्या पांडित्याच्या हौसेचा परिणाम आहे, असे समजण्याचा प्रघात आहे. ती हौस त्यांना होतीच. ओष्ठ्य वर्ण टाळून रामायण लिहिणाऱ्या कवीबद्दल दुसरे काय म्हणावे? परंतु 'आर्याभारता'तली दाटी बव्हंशी संक्षेपाची आहे. दूध फार आटले की ते पिता येत नाही, चाटूनच खावे लागते. तो आटवण्याचा दोष नव्हे, त्या पदार्थाचा धर्मच आहे.

दुसरे उदाहरण कोशांचे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. शब्दसंख्या साठ हजारांच्या घरातली. त्याच वर्षी 'यमुनापर्यटन' लिहिणाऱ्या बाबा पदमनजींनी पुढे या अवाढव्य कोशाचा एक संक्षेप सिद्ध केला. त्याची गरज होतीच. मोल्सवर्थचा मूळ ग्रंथ शाळकरी मुलाने बगलेत मारून न्यावा असा नव्हे आणि त्याची किंमतही सामान्याला झेपणारी नव्हे. तथापि कोश आखूड करताना आधी कशावर कात्री चालते? शब्दावर नव्हे, आणि त्याच्या मुख्य अर्थावरही नव्हे. चालते ती म्हणींवर, वाक्प्रयोगांवर, एकाच शब्दाच्या दहा छटांवर, कोकणात अमुक आणि देशावर तमुक अशा टिपणांवर. ज्याला शब्दाचा अर्थ हवा त्याचे त्यात काही बिघडत नाही. पण ज्याला शब्दाचे चरित्र हवे, त्याला मोठ्या कोशाकडेच जावे लागते. सुदैवाने मोठा कोश जागच्या जागी असतो. छोट्या कोशाने मोठा कोश रद्द केला नाही, आणि येथेच ग्रंथसंक्षेपाचे नैतिक समर्थन आहे.

तिसरे उदाहरण मुद्दाम कल्पनेने घेऊ. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. तिचा सारांश काढावयास बसलेला माणूस कथेचा मुख्य धागा कोणता समजेल? अर्थात १८९५ सालचे रेव्हरंड टिळकांचे धर्मांतर, पतिपत्नींची ताटातूट आणि पुनर्मीलन. एवढे ठेवून तो वडिलांच्या सोवळ्याचे प्रकरण, घरातल्या फजित्या, पाहुण्यांची वर्दळ, पैशाची ओढाताण ही सारी 'अवांतर' म्हणून खुडून टाकील. कथा उरेल, लक्ष्मीबाई उरणार नाहीत. कारण त्या पुस्तकाचे सत्त्व घटनांत नाही, घटनेकडे पाहून हसणाऱ्या त्या बाईच्या बोलण्यात आहे. आटवणारा समजतो की मी पाणी घालवीत आहे. पण कोणत्या पुस्तकात पाणी कोणते आणि दूध कोणते, हे ओळखणे हीच टीकाकाराची परीक्षा असते. चांगला संक्षेप ही म्हणूनच एक प्रकारची समीक्षा आहे. काय गाळले यावरून संक्षेपकाची रसिकता कळते, आणि काय ठेवले यावरून ती अधिकच उघडी पडते.

तरीही वाईटात वाईट संक्षेपानेसुद्धा फारसा अनर्थ होत नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून चालू आहे. शहाडच्या एखाद्या मुलाने शाळेच्या पुस्तकात कातरलेला उतारा वाचला आणि त्याची भूक चाळवली, तर एका स्थानकावर जाऊन त्याला मूळ पुस्तक मागता येते. संपूर्ण प्रत कोठे तरी फळीवर उभी आहे, हा भरवसा असतो म्हणूनच पुस्तक आखूड करण्याला आपण गुन्हा म्हणत नाही.

आता हेच क्रियापद ग्रंथालयातून उठून न्यायालयात गेले म्हणजे काय होते ते पाहावे. अमेरिकेच्या संविधानातल्या १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीत भाषणाच्या आणि वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्यासंबंधी हेच क्रियापद योजले आहे. आपल्या संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदातही मूलभूत हक्कांसंबंधी राज्याला दोन गोष्टींची मनाई केली आहे : ते हिरावून घेण्याची आणि ते 'अ‍ॅब्रिज' करण्याची. आणि येथे संपूर्ण प्रत कोणत्याही फळीवर नसते. नागरिकाच्या हाती जो हक्क असतो तीच त्याची एकुलती एक प्रत. ती कातरली की कातरली. ग्रंथाच्या बाबतीत जे क्रियापद सेवकाचे काम करते, तेच हक्काच्या बाबतीत धन्याचे होते, ते यामुळे.

हिंदी अनुवादकांनी येथे 'न्यून करणे' असा शब्द घातला. तो चूक नाही, पण तो तराजूतला शब्द आहे. शेराचे तीन पाव झाले एवढेच तो सांगतो. मराठी अनुवादकांनी 'संकोच' निवडला, आणि मला वाटते, त्यांना अधिक खोलवर दिसले होते. संकोच म्हणजे आक्रसणे, मिटणे. कमळ सायंकाळी मिटते तो त्याचा संकोच, सकाळी उमलते तो विकास. संस्कृत कवींनी ही जोडी शेकडो वेळा वापरली आहे. पाकळी एकही गळत नाही, तरी कमळ कमळ म्हणून नाहीसे होते. हक्काचेही असेच आहे. कायद्याच्या पुस्तकात तो शब्दशः छापलेला असतो, कोणी तो हिरावून घेतलेला नसतो, आणि तरीही तो वापरायला जावे तर मिटलेला आढळतो. 'हिरावून घेणे' याच्या शेजारी वेगळे क्रियापद का लागले याचे उत्तर या एका उपमेत आहे.

पण या जोडीतला दुसरा शब्द, विकास, विसरला तर विवेचन एकांगी होईल. १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने ३१-अ आणि ३१-ब हे अनुच्छेद आणि नववी अनुसूची घातली, आणि त्यांत हेच क्रियापद उलट्या बाजूने आले : जमीनसुधारणेचे कायदे हक्कांचा संकोच करतात एवढ्या कारणावरून ते रद्द ठरणार नाहीत. त्या अनुसूचीत दुसऱ्याच क्रमांकावर मुंबई राज्याचा १९४८ चा कूळकायदा आहे. जमीनमालकाच्या हक्काचा संकोच झाला, आणि ज्या कुळाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसली त्याच्या हक्काचा विकास झाला. तेव्हा संकोच म्हटला की तो वाईटच, असे म्हणणारा माणूस एक तर भाबडा असला पाहिजे किंवा जमीनदार.

मग प्रश्न उरतो तो किती, आणि कोठवर? या प्रश्नावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जेवढा खल केला तेवढा एखाद्या क्रियापदावर क्वचितच झाला असेल. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात अकरा न्यायाधीशांपैकी सहांनी म्हटले की, संसदेला घटनादुरुस्तीनेही मूलभूत हक्क हिरावून घेता येणार नाहीत आणि त्यांचा संकोचही करता येणार नाही. १९७१ च्या चोविसाव्या दुरुस्तीने संसदेने ती मर्यादा झुगारली. मग केशवानंद भारती खटला अडुसष्ट दिवस चालला, तेरा न्यायाधीश बसले, आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने निर्णय आला की, दुरुस्ती करता येईल, पण संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. सरन्यायाधीश सिक्री यांनी आपल्या निकालपत्रात जो भेद केला तो आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे : हक्क नाहीसे करता येणार नाहीत, लोकहितासाठी त्यांचा वाजवी संकोच मात्र करता येईल.

भेद सुंदर आहे, पण रेघ कोठे ओढावयाची? धोतराचा पंचा, पंच्याचा रुमाल आणि रुमालाची चिंधी ही प्रत्येक पायरी पाहिली तर नुसता संकोचच आहे. कोणत्याही एका पायरीवर कोणी धोतर हिरावून घेतले नाही. मग धोतर नाहीसे झाले ते केव्हा? या कोड्यावर आपल्या घरगुती क्रियापदांचा उपयोग होतो असे मला वाटते. हक्क आटवता येत नाही, कारण त्यात पाणी नसते. तो कातरला तर तो तुकडा परत येत नाही. तेव्हा समाजाला गरज पडलीच तर तो मुडपावा. कापड आत शिल्लक आहे की नाही, टाके उसवता येतील असे आहेत की नाही आणि उसवण्याचा अधिकार परकर घालणारीला आहे की नाही, हे तीन प्रश्न विचारावेत. तिहींची उत्तरे होकारार्थी असली तर तो संकोच वाजवी. एकाचेही उत्तर नाही असे आले, तर नाव कोणतेही द्या, ती कात्री आहे.

'संकोच' या शब्दावर एक आक्षेप मात्र गंभीर आहे. शहाड हे कामगारांचे गाव. सेंच्युरी रेयॉनसारख्या कारखान्यातल्या माणसाला 'कपात' कळते. पगारातली कळते, माणसांचीही कळते. कपात वेगळी आणि कारखानाच बंद होणे वेगळे, हेही जवळच मोहन्याची नॅशनल रेयॉन २००९ साली बंद पडली तेव्हा या परिसराने पाहिले आहे. संकोच करणे आणि हिरावून घेणे यांतला फरक त्याला वकिलाने शिकवावा लागणार नाही. पण 'तुमच्या हक्काचा संकोच झाला' असे त्याला सांगितले तर तो म्हणेल, हक्काला कसला संकोच? संकोच वाटतो तो पाहुण्याच्या घरी दुसऱ्यांदा भात मागताना. बोलीत या शब्दाचा अर्थ भीड, लाज, अवघडलेपण असाच उरला आहे. म्हणजे राज्याने केलेली कृती नागरिकाच्या मनातल्या भावनेच्या नावाने ओळखली जाते, आणि करणारा नजरेआड होतो.

आक्षेप खरा आहे. पण तो शब्दाच्या विरुद्ध जितका जातो तितकाच बाजूनेही येतो. १९७५ साली आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण बसले. नियंत्रकाने किती ओळी कापल्या याची मोजदाद एक वेळ करता येईल. पण नियंत्रकाकडे जाण्याआधीच किती जणांनी आपल्या हाताने ओळी खोडल्या, याची मोजदाद कोणी करावी? त्याच वर्षाच्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने उभ्या राहिल्या, त्याचे मोल एवढ्यासाठीच आहे की सभोवार संकोचाचे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. राज्य हक्काचा संकोच करते तेव्हा नागरिकाला तो हक्क वापरण्याचा संकोच वाटू लागतो. आणि नागरिकाला पुरेसा संकोच वाटू लागला की राज्याला कायदा करण्याचीही गरज उरत नाही. ही साखळी इंग्रजी शब्दात दिसत नाही. ती मराठी शब्दाने, कदाचित अनुवादकाच्या मनातही नसताना, उघडी केली आहे.

तेव्हा निर्णय असा करावा. ग्रंथाला 'संक्षेप' आणि हक्काला 'संकोच' ही वाटणी योग्य आहे आणि ती मोडू नये. विशेषतः सरकारी पत्रकांतून आणि वृत्तपत्रांतून हक्कांच्या बाबतीत 'सुटसुटीत करणे', 'सुलभ करणे' असे संक्षेपाच्या गोतातले गोड शब्द येऊ लागले, तर वाचकाने सावध व्हावे. सुटसुटीत करावयाची असते ती पोथी. आणि 'संकोच' हा शब्द वापरताना कर्ता गाळू नये. 'हक्काचा संकोच झाला' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले तरी अपुरे आहे. कोणी केला, कोणाच्या हितासाठी केला आणि केव्हा उसवणार, ही तीन पदे त्या वाक्यात आली पाहिजेत. तेवढ्यापुरते वाक्य लांबले तरी चालेल.